मस्कत की जर्मनी? कोल्हापूरच्या प्राध्यापकांसाठी

शिवाजी विद्यापीठातून पीएच. डी. झालेल्यांना हा प्रश्न हमखास पडतो: ओमानमधली अध्यापकाची नोकरी घ्यायची की जर्मनीतली पोस्टडॉक, म्हणजे पीएच. डी.नंतरची मुदतीची संशोधनाची नोकरी?

खरी मेख कागदपत्रांत. ओमान अपॉस्टिल मानतो, म्हणजे कागद खरा असल्याची परदेशासाठी ग्वाही देणारा सरकारी शिक्का. आधी राज्याची पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. अडतं कुठं? नावात. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर क्रम वेगळा. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर गुंता दुप्पट. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. जर्मनीसाठी ‘अनाबिन’ या परदेशी विद्यापीठं-पदव्यांच्या जर्मन सरकारी ऑनलाइन सूचीत आपलं विद्यापीठ आणि पदवी तपासा, त्याची प्रिंट जोडा.

पैसा शिल्लक पडतो तो ओमानमध्ये. पगारावर सध्या आयकर नाही, रियाल डॉलरला बांधलेला. मात्र घरभाडं, विमानाचं तिकीट आणि नोकरी सुटतानाची रक्कम ही कलमं करारात शब्दशः बघा. तोंडी आश्वासन कामाचं नाही. जर्मनीत कर आणि विमा कापून हातात बरंच कमी येतं, पण सरकारी शाळेला फी नाही आणि न कमावणारा जोडीदार व मुलं सरकारी आरोग्य विम्यात फुकट येतात.

जर्मनीतली खरी अडचण मुदतीची: पीएच. डी.नंतर मुदतीच्या करारांना साधारण सहा वर्षांची मर्यादा.

घराचं कर्ज डोक्यावर असेल आणि शिकवणंच आवडत असेल तर मस्कत. तिशीत असाल, शोधनिबंध हवे असतील, जर्मन शिकायची तयारी असेल तर जर्मनी.