कासवाची चौकट की चौकोनी आस?

गोव्यात मालीमच्या जेटीवर यंदा दोघा-तिघा ट्रॉलरवाल्यांनी मला हेच विचारलं. नको ती मासळी जाळ्यात मरू नये म्हणून पैसे घालायचेच, तर टेड (कासवाला झडपेतून बाहेर सोडणारी गजांची चौकट) बसवावं की खोळ (मासळी साठते ती जाळ्याची मागची पिशवी) चौकोनी आसाची, म्हणजे चौकोनी भोकांची, करून घ्यावी? मी दोन्ही वापरून पाहिलं आहे.

कासवासाठी टेडला तोड नाही, हे आधीच सांगतो. मोरजी, आगोंद, गालजीबागला अंडी घालायला येणारी मादी जाळ्यात गुदमरून मरावी, असं आपल्यातल्या कुणालाच वाटत नाही. टेड नाही म्हणून अमेरिकेने २०१९ पासून आपली समुद्रातली कोळंबी घेणं थांबवलं, तोही फटका आहेच.

मला नडला तो कचरा. ऑगस्टमध्ये बंदी उठते तेव्हा मांडवीने पावसाळाभर आणून सोडलेलं सगळं समुद्रातच असतं. एकदा गजांवर नारळाचं चुडत आडवं बसलं, त्यावर प्लास्टिकची पोती येऊन चिकटली आणि झडप उघडीच राहिली. तीन तास जाळं ओढलं. खोळीची गाठ सोडली तर सुंगटं, म्हणजे कोळंबी, जेमतेम दोन टोपल्या. त्या महिन्यात असं चारदा झालं. पाचव्या फेरीला बोट चालवणाऱ्या तांडेलाने मला न विचारता चौकट काढून जेटीवर ठेवली. मी त्याला बोललो नाही, त्याचंही पोट वाट्यावरच आहे. पण चौकट जेटीवर आणि कासव समुद्रात, मग उपयोग काय?

चौकोनी आसात असं काढून ठेवण्यासारखं काही नसतं. शंकरपाळ्याच्या आकाराचा आस ओढ बसली की मिटतो, चौकोनी उघडा राहतो. बोटाएवढे लेपे, बांगड्याची पिल्लं खालीच निसटतात. पूर्वी डेकवर त्यांचा चिखल व्हायचा, तो बराच कमी झाला. मोजमाप केलेलं नाही, पण माल निवडायला बसलेले खलाशी आता लवकर उठतात. मधल्या मापाची मासळी मात्र आसात अडकते आणि एकेक सोडवावी लागते.

कासव यातून सुटत नाही. म्हणून मी ओढ तीन तासांवरून तासाभरावर आणली. डिझेल थोडं जास्त जातं. जानेवारीत एक मादी वर आली, मान टाकलेली. ओलं पोतं घालून सावलीत ठेवली. बऱ्याच वेळाने तिने वल्ह्यासारखा पाय हलवला, तेव्हा इंजिन न्यूट्रलला टाकून हळूच पाण्यात सोडली.

तुमची कोळंबी निर्यातीची असेल, तर कदाचित टेडच घ्यावं लागेल. तसं असेल तर चौकट आणण्याआधी तांडेलाला घेऊन बसा. नाहीतर आधी खोळ बदलून पाहा, बाकीचं जाळं आहे तेच चालतं.