पक्की नोकरी सोडू का? शंकरनगरच्या सीए मॅडमकडे पावणेदोन तास

२०२५च्या दिवाळीनंतरच्या दुसऱ्या शनिवारी नागपुरात शंकरनगर चौकाजवळ एका सीए मॅडमकडे जाऊन आलो. रिटर्न भरायला नाही, एकच प्रश्न घेऊन: बुटीबोरीची पर्मनंट नोकरी सोडून कॉन्ट्रॅक्टवर जाऊ की नको? फी दीड हजार, वेळ एक तास. बसलो पावणेदोन तास, वरचे पैसे मागितले नाहीत. माझ्या लाइनमधले बरेच जण याच पेचात आहेत, म्हणून सगळं लिहितो.

मी इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये, म्हणजे कारखान्यातल्या मोजमापाच्या उपकरणांच्या कामात, १६ ऑगस्ट २०१६ पासून एकाच कारखान्यात. हातात ५८,००० येतात. एका ठेकेदाराची ९५,०००ची ऑफर होती: कारखाना दुरुस्तीसाठी बंद असतानाची कामं, उपकरणांची तपासणी आणि अचूकता जुळवणं, अकरा महिन्यांचा करार, १ जानेवारीपासून. म्हणजे महिन्याला ३७,००० जास्त. घरी बाबांचं एकच, "पक्की नोकरी काहून सोडून राहिला बाप्पा?" मित्र म्हणत, इतके पैसे कोण सोडतं? दोन्हीकडचं ऐकून ऐकून माझी झोप गेली होती.

मॅडमनी पगार नंतर विचारला. पहिला प्रश्न, "घरात रोजची औषधं कोणाला लागतात?" बाबांना. शुगर आहे, मागच्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली, तीही कंपनीच्या ग्रुप विम्यातून. नोकरी सुटली की तो विमा सुटतो हे मला ठाऊक होतं. पण नवी पॉलिसी घेतली तर आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, हे ठाऊक नव्हतं. त्यांनी सांगितलं, राजीनामा देण्याआधीच त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज करा. ग्रुपमध्ये काढलेला काळ त्या प्रतीक्षेत धरला जातो. मी चौकशी केली. आईबाबांसकट वर्षाचं कोटेशन ६८,००० आलं, आणि तेही सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेल्यावर.

मग त्यांनी कोरा कागद घेतला. डावीकडे नोकरी: हातातले वर्षाचे ६,९६,०००, पीएफमध्ये माझे ४६,०८० आणि कंपनीचे पीएफ व पेन्शन मिळून तेवढेच, नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी वर्षाला वाढते ती सुमारे १८,४६०. बेरीज ८,०६,६००च्या आसपास. उजवीकडे कॉन्ट्रॅक्ट: एक महिना दोन करारांच्या मध्ये रिकामा जाईल असं धरून अकरा महिन्यांचे १०,४५,०००. आता मी वर्षाला २१ भरपगारी रजा घेतो, तिथे काम नाही तर दाम नाही. ते गेले ७६,७००. विम्याचे ६८,००० गेले. उरले ९,००,३००. फरक वर्षाला ९३,७००, म्हणजे महिन्याला ७,८००. ज्या ३७,०००वर मी दोन महिने स्वप्नं रचत होतो, त्यातले ७,८०० कागदावर शिल्लक राहिले. मी तो आकडा तीनदा तपासला.

कर मात्र अडचणीचा नाही. काम खरोखर अभियंता म्हणून स्वतंत्र असेल तर मिळालेल्या रकमेच्या निम्मी रक्कमच अनुमानित उत्पन्न म्हणून दाखवता येते, कर तेवढ्यावरच मोजतात, आणि नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत कर शून्य. दर बिलातून दहा टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला कर, गेला तरी रिटर्न भरल्यावर परत येतो. तोवर हातात ८५,५०० धरून चाला, म्हणाल्या. एक इशारा दिला: हजेरी, रजा, साहेब सगळं नोकरीसारखंच असेल, तर कर खातं त्याला पगार म्हणू शकतं. लहान उद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी फुकट आहे, ती करून घ्या म्हणाल्या. सूक्ष्म उद्योग म्हणून नोंद असली की बिल ४५ दिवसांत चुकवण्याचं बंधन कायद्याने समोरच्यावर येतं.

फी वसूल झाली ती पुढच्या दहा मिनिटांत. पीएफचं पासबुक बघताना त्या थांबल्या. रुजू झालो तेव्हा माझं बेसिक १३,००० होतं, पंधरा हजारांच्या आत, म्हणून माझं नाव पीएफसोबतच्या पेन्शन योजनेत आहे. त्या पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते, आणि शेवटचे सहा महिने किंवा जास्त झाले की ते पूर्ण वर्ष धरतात. ग्रॅच्युइटीतही सहा महिन्यांच्या वर गेलं की पुढचं वर्ष मोजतात. माझी साडेनऊ वर्षं भरतात १६ फेब्रुवारी २०२६ला. १ जानेवारीला निघालो असतो तर पेन्शनचा हक्कच बसला नसता, आणि आताच्या ३२,०००च्या बेसिकवर ग्रॅच्युइटी १,८४,६१५ऐवजी १,६६,१५४ मिळाली असती. पेन्शन फार नाही, आजच्या नियमाने ५८व्या वर्षापासून महिन्याला २,१४३. पण माझ्यामागे बायकोलाही त्यातून मिळतं, आणि दीड महिन्यासाठी ते घालवणं चूक ठरली असती. एवढ्या जणांना विचारलं, ही तारीख कोणी काढली नव्हती.

त्रासाचंही सांगतो. साडेअकराची वेळ देऊन सव्वाबाराला आत घेतलं. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बाबांना आणायचं ठरवलं होतं, गुडघ्यांमुळे घरीच ठेवावं लागलं. खाली गाडी लावायला जागा नाही, मेट्रोने शंकरनगर स्टेशनला उतरणं बरं. लेखी टिपण चार दिवसांनी आलं आणि पूर्ण इंग्रजीत. मराठीत बोलणाऱ्या बाईंनी मराठीत लिहून दिलं असतं तर मी ते बाबांच्या हातात दिलं असतं. शेवटी मीच रात्री बसून त्यांना वाचून दाखवलं. बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पेन्शनची तारीख पुन्हा सांग बरं."

जाणार असाल तर पगारपत्रक, पीएफ पासबुक, फॉर्म १६, विम्याचं कार्ड आणि ऑफरचा कागद घेऊन जा. जा की राहा, हे त्या सांगत नाहीत. मला आधी वाईट वाटलं. पण बाबांच्या औषधाचा हिशेब माझ्या घरचा आहे, तो मीच करायला हवा होता.

ठेकेदाराला मी दोन गोष्टी कळवल्या: सुरुवात २ मार्चला, आणि रक्कम १,१०,०००. तारीख त्याने मान्य केली, रकमेचं उत्तर यायचं आहे. माझी नोटीस साठ दिवसांची, म्हणून ३१ डिसेंबरपर्यंत थांबतो. उत्तर आलं नाही तर राजीनामा देणार नाही.