झोपलेला संत जोसेफ (रेझिनची मूर्ती, सात इंच): तीन महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

मूर्ती घरी येऊन तीन महिने झाले म्हणून आता लिहितोय, पहिल्याच दिवशी लिहिलं असतं तर नुसता राग निघाला असता. तलावपाळीच्या सेंट जॉन बाप्टिस्ट चर्चमध्ये रविवारची मिस्सा झाली, मम्मीला मेणबत्त्या हव्या होत्या म्हणून ठाण्यातल्याच एका दुकानात शिरलो (नाव नाही लिहीत, तक्रार पण आहे) तर शोकेसच्या कोपऱ्यात हा जोसेफ, येशूला वाढवणारा सुतार बाप, आडवा, डोक्याखाली हात घेऊन गाढ झोपलेला. बाजूला हातात करवत घेतलेला उभा जोसेफ पण होता, १ मे ला आपल्याला महाराष्ट्र दिनाची सुट्टी असते ना, १९५५ पासून तोच कामकरी संत जोसेफचा सण, मम्मी तोच घे म्हणत होती. मी झोपलेला घेतला. साडेसहाशे रुपये, ऑनलाइन पेमेंट बंद, कॅश द्या.

माहीत नसेल तर सांगतो, पोप फ्रान्सिस यांच्या टेबलावर अशी मूर्ती असायची, अडचण आली की चिठ्ठी लिहून तिच्याखाली सरकवायचे, २०१५ च्या जानेवारीत मनिलात त्यांनी स्वतःच हे सांगितलं होतं.

आता माल. चेहरा खरंच सुंदर, दाढीचं काम बारीक. पण पॅकिंग म्हणजे एक पेपर आणि एक रबरबँड, घरी पोचेपर्यंत कोपराचा टवका उडालेला. तळ सपाट नाही, डुगडुगतो, खाली पुठ्ठा लावलाय. आणि सोबतच्या पत्रकावर प्रार्थना चक्क संत अँथनीची! हरवलेल्या वस्तूंचा संत, म्हटलं बरोबर पत्रक आता तोच शोधून देईल. फोन केला तर दुकानातल्या आंटी म्हणाल्या, "बाळा, रेझिन आहे, सांभाळून धरायचं असतं." विषय संपला.

चिठ्ठीची खाच एवढीशी आहे की घडी घातलेला एकच छोटा कागद मावतो. ही पण तक्रारच होती. त्या आठवड्यात ऑफिसने मला नाइट शिफ्टला टाकलं होतं, मी दोन फुलस्केप भरून लिहिलं, मॅनेजर, घोडबंदरचं ट्रॅफिक, आधी दिलेला शब्द, सगळं, आणि ते काही केल्या आत जाईना, मूर्ती उलटीपालटी करत बसलो तर मम्मी किचनमधून ओरडली, "अरे, झोपू दे त्याला! तो झोपेतच ऐकतो."

रात्री बायबलमधलं मत्तयाचं शुभवर्तमान काढलं. पहिले दोनच अध्याय, दहा मिनिटांचं काम. चार स्वप्नं पडतात जोसेफला, आणि चारही शुभवर्तमानांत त्याच्या तोंडी एक वाक्य नाही, लहानपणापासून ऐकतोय पण कधी लक्षातच आलं नव्हतं. स्वप्नात देवदूताने बायकोला, मरियेला, घरी आण म्हटलं, आणलं. हेरोद राजा बाळाला मारायला बघतोय, त्याला घेऊन मिसरला (इजिप्तला) पळ म्हटलं, रात्रीच उठून निघाला. किती दिवस, खाणार काय, हातातली अर्धी राहिलेली सुतारकामं कोण करणार, काही नाही. बरं, भीती वाटत नव्हती असंही नाही हां. परत येताना कळतं की यहूदियात हेरोदाचा मुलगा अर्खेलाव राज्य करतोय, तर तिकडे जायला तो घाबरला असं मत्तयाने सरळ लिहूनच टाकलंय, मला तेच सगळ्यात आवडलं. घाबरला, मग चौथं स्वप्न पडलं, मग गालीलात नासरेथला जाऊन राहिला. तक्रार मात्र कुठे केली नाही, आणि मी दोन फुलस्केप.

फाडले. छोट्या कागदावर लिहिलं, "नाइट शिफ्ट, १६ पासून. जातो." बरोबर मावला.

शिफ्ट अजून चालूच आहे, काही चमत्कार वगैरे नाही. दुपारी मी झोपतो तेव्हा समोर कपाटावर हा पण झोपलेला, तेवढी सोबत. पाचपैकी साडेतीन. घ्यायची असेल तर दुकानातच काउंटरवर ठेवून डुगडुगते का बघा, आणि बबल रॅप घरून घेऊन जा.