टीटीसीच्या चकत्या मोजायला फिजी कितपत चालतं? कोकणातल्या प्रयोगशाळांसाठी परीक्षण

कोकणातल्या फार्मसी कॉलेजात स्ट्रोकवर काम करायचं म्हणजे हाताशी असतं ते एक फ्लॅटबेड स्कॅनर, आठ जीबी रॅमचा कॉम्प्युटर आणि पावसाळ्यात कधी असणारं, कधी नसणारं इंटरनेट. एवढ्या सामानावर, टीटीसी या रसायनात रंगवलेल्या चकत्यांवरून, रॅटच्या मेंदूतला इन्फार्क्ट (रक्तपुरवठा तुटून मेलेला भाग) मोजायचा असेल तर फिजी हे चित्रं मोजणारं सॉफ्टवेअर आम्ही नि:शंक सुचवतो. फुकट आहे, एकदा उतरवून घेतलं की नेटशिवाय चालतं, इन्स्टॉल करावं लागत नाही. झिप उघडून फोल्डर ठेवला की काम सुरू, पेन ड्राइव्हवरूनसुद्धा. फक्त तो फोल्डर विंडोजच्या 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये टाकू नका, परवानगीच्या कटकटीत अपडेट अडकतात. अमेरिकेच्या एनआयएच या आरोग्य संशोधन संस्थेत वेन रासबँड यांनी १९९७ मध्ये सुरू केलेल्या इमेजजे या सॉफ्टवेअरचाच हा प्लगइनांनी भरलेला अवतार.

पण एक गोष्ट पहिल्या दिवशीच ध्यानात घ्या. फिजी पांढरा रंग मोजतं, मेलेली ऊती नव्हे. या दोन्हींत फरक कुठे पडतो ते कळलं नाही, तर आकडे दिसतील नीटनेटके आणि असतील चुकीचे.

टीटीसी मुळात रंगहीन. जिवंत पेशींच्या मायटोकॉन्ड्रियातली डिहायड्रोजिनेज एन्झाइमं तिचं लाल फॉर्मझान करतात, मेलेला भाग पांढरा राहतो. मात्र निरोगी मेंदूतही कॉर्पस कॅलोझमसारखी (दोन अर्धगोलांना जोडणारा पट्टा) व्हाइट मॅटर, म्हणजे मज्जातंतूंचा पांढरा भाग, फिकीच दिसते. चकत्या एकमेकींना किंवा डिशच्या तळाला चिकटल्या तर तिथे द्रावण पोचत नाही आणि तो डागही पांढरा राहतो. सॉफ्टवेअरला हे तिन्ही पांढरे सारखेच.

म्हणून मोजणीची खरी तयारी स्टेनिंगच्या डिशमध्येच होते. रॅटचा मेंदू मॅट्रिक्समध्ये (चकत्या कापायच्या खाचांच्या साच्यात) ठेवून २ मिमीच्या चकत्या, २ टक्के टीटीसी, ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये १५ ते ३० मिनिटं, मध्ये एकदा प्रत्येक चकती उलटायची. एप्रिल-मेमध्ये खोलीच तापलेली असते म्हणून डिश टेबलावर ठेवून भागवू नका. सकाळचं आणि दुपारचं तापमान वेगळं, तसा लाल रंगही वेगळा उतरतो. द्रावणाची बाटली फॉइलमध्ये गुंडाळा; उजेडात राहून रंग धरलेलं द्रावण टाकून द्या. रक्तपुरवठा तोडल्यानंतर २४ तासांचा टप्पा या पद्धतीला सगळ्यात मानवतो. दोन दिवस उलटले की इन्फार्क्टमध्ये शिरलेल्या दाहक पेशी स्वतःच रंग घेऊ लागतात आणि कडा धूसर होतात.

स्कॅनिंगमध्ये कोकणची हवा आडवी येते. फ्रिजमधून काढलेली चकती थेट काचेवर ठेवली की जून ते सप्टेंबरमध्ये तिच्याखाली आणि आजूबाजूला दव जमतं. त्या थेंबांवर प्रकाश चमकतो आणि लाल भागात पांढरे ठिपके उमटतात. चकत्या आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, टिश्यू पेपरने कडेचं पाणी टिपा. काचेवर पारदर्शक ओएचपी शीट टाका म्हणजे चकत्यांना लागलेलं फॉर्मलिन (ऊती टिकवायचं द्रावण) काचेला लागणार नाही. चकत्यांच्या वर निळं प्लास्टिक ठेवा. झाकणाच्या पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या इन्फार्क्टची कड हरवते. निळा मात्र लाल आणि पांढरा या दोन्हींपासून सहज वेगळा काढता येतो.

रिझोल्यूशन ६०० डीपीआय पुरेसं. फाइल टिफमध्येच, जेपेग नको. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधलं ऑटो एक्स्पोजर, रंगसुधारणा, शार्पनिंग सगळं बंद करा, नाहीतर प्रत्येक पानाला तो आपल्या मनाने उजळवतो. जुन्या, ट्यूबलाइटसारखा दिवा असलेल्या स्कॅनरवर लाइट जाऊन आली की दिवा पुन्हा स्थिर व्हायला काही मिनिटं द्या, एक-दोन रिकामे स्कॅन काढा आणि मग चकत्या ठेवा. प्रत्येक चकतीच्या दोन्ही बाजू स्कॅन करून सरासरी घ्यायची.

आता फिजीत. 'सेट स्केल'मध्ये ६०० डीपीआयला दर मिलिमीटरला २३.६२ पिक्सेल. तिथली 'ग्लोबल' ही खूण उघडलेल्या सगळ्या चित्रांना तीच पट्टी लावते, त्यामुळे मध्येच एखादं पान ३०० डीपीआयने स्कॅन झालं असेल तर त्याचं क्षेत्रफळ एकचतुर्थांश भरतं आणि कोणताही इशारा येत नाही. पुढे रंग वेगळे करून हिरवा चॅनल घ्या. लाल ऊती त्यात काळपट आणि इन्फार्क्ट उजळ दिसतो, म्हणजे भेद उत्तम मिळतो. मग थ्रेशोल्ड (किती उजळ पिक्सेलपासून पुढे इन्फार्क्ट धरायचा तो आकडा), आणि 'अ‍ॅनालाइझ पार्टिकल्स'. इथे नवे विद्यार्थी हमखास अडतात. स्केल लावल्यावर किमान आकाराचा आकडा चौरस मिलिमीटरमध्ये धरला जातो. पिक्सेल समजून ५०० टाकलं तर तक्ता रिकामा येतो, कारण ५०० चौरस मिमीचा इन्फार्क्ट रॅटच्या चकतीत मावतच नाही. १ टाका. बायनरी ऑप्शन्समधली 'ब्लॅक बॅकग्राउंड' ही खूण सर्व कॉम्प्युटरांवर एकसारखी ठेवा, नाहीतर कुठेतरी इन्फार्क्टऐवजी पार्श्वभूमीच मोजली जाते.

थ्रेशोल्डच्या बाबतीत आम्ही हट्टी आहोत: प्रत्येक चकतीला ऑटो नको. ऑटोमधली ओत्सूची पद्धत चित्रातल्या पिक्सेलांचे दोन गट पाडतेच, दोन गट मुळात असोत वा नसोत. शॅम ऑपरेशन केलेल्या, स्ट्रोक नसलेल्या रॅटची चकती तिला द्या. ती कॉर्पस कॅलोझमला इन्फार्क्ट ठरवून मोकळी होईल. म्हणून आधी शॅम गटाच्या चकत्या घ्या, त्यांत व्हाइट मॅटर सोडून बाकी काही उचललं जाणार नाही असा एकच आकडा ठरवा, लिहून ठेवा आणि सगळ्या गटांना तोच लावा. तरीही उरलेली व्हाइट मॅटर हाताने वगळावी लागते. हे काम करणाऱ्याला कोणता रॅट औषधाच्या गटातला हे माहीत नसावं. फाइलांची नावं दुसऱ्या कोणीतरी बदलून द्यावीत.

सूज हा दुसरा खड्डा. स्ट्रोक झालेली बाजू फुगते आणि सुजेचं पाणीही इन्फार्क्टच्या खात्यात जमा होतं. समजा, निरोगी अर्धगोल ५२ चौरस मिमी, स्ट्रोकच्या बाजूचा ५८, त्यातला पांढरा भाग २२. म्हणजे त्या बाजूला लाल उरला ३६. निरोगी बाजूतून तो वजा केला की दुरुस्त इन्फार्क्ट १६, २२ नव्हे. २ मिमीच्या एका चकतीत हा फरक १२ घन मिमीचा, आणि चकत्या सहा-सात असतात. सूज कमी करणारं औषध तपासताना ही दुरुस्ती टाळली, तर पेशी न वाचवताही औषध पेशी वाचवतंय असं दिसेल. मधली रेषा मात्र फिजीवर सोपवू नका. सुजेने ती पलीकडे ढकललेली असते, वळणावळणाने हातानेच आखावी लागते.

फिजीतलंच ट्रेनेबल वेका सेगमेंटेशन थ्रेशोल्डच्या पुढची पायरी. इन्फार्क्ट, निरोगी, व्हाइट मॅटर, पार्श्वभूमी असे चार वर्ग करून थोड्या रेघा मारून शिकवायचं. फिकट गुलाबी कडांवर ते साध्या थ्रेशोल्डपेक्षा शहाणपणाने वागतं. पण आठ जीबीच्या यंत्रावर पूर्ण पान दिलं तर ते दमतं, प्रत्येक चकती वेगळी कापून द्या. शिकवायच्या आणि तपासायच्या चकत्या प्राण्यानुसार वेगळ्या करा. एकाच रॅटची तिसरी चकती शिकवायला आणि चौथी तपासायला घेतली तर जुळणी छानच येते, कारण दोन्ही जवळपास तेच चित्र असतं. जुळणीसाठी डाइस गुणांक काढा: दोन्ही आखण्यांतलं सामाईक क्षेत्र दुप्पट करून दोन्ही क्षेत्रांच्या बेरजेने भागायचं. लहान इन्फार्क्टमध्ये थोड्या पिक्सेलांच्या चुकीनेही तो धाडकन उतरतो, तेव्हा सरासरीवर न थांबता एकेक चकती पाहा.

क्रेसिल व्हायोलेट या रंगाने रंगवलेल्या पातळ सेक्शनचे पूर्ण स्लाइड स्कॅन असतील तर क्यूपाथ हे सॉफ्टवेअर घ्या. टीटीसीच्या जाड चकत्यांना त्याची गरज नाही.

सगळ्या पायऱ्या मॅक्रो रेकॉर्डरने एकदा नोंदवून घेतल्या की पुढचे रॅट त्याच क्रमाने मोजले जातात. प्रत्येक चकतीची आखणी आरओआय मॅनेजरमधून (आखलेले भाग जपून ठेवणारी फिजीतली खिडकी) झिप करून मूळ टिफशेजारी त्याच नावाने ठेवा. परीक्षकाने एखाद्या आकड्यावर बोट ठेवलं तर ती झिप चित्रावर टाकून नेमकी कुठली कड धरली होती ते तिथल्या तिथे दाखवता येतं.