फुल फिंगर सायकलिंग ग्लोव्हज: दीड वर्ष वापरून आणि एकदा चांगलं आपटून झाल्यावर

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर घेतले होते, ८५० रुपयांना, आणि घरी सगळ्यांनी वेड्यात काढलं होतं, की सायकल चालवतेस की बॉक्सिंग करतेस म्हणून. कंपनीचं नाव टाकत नाहीये कारण अगदी अशाच पद्धतीचे ग्लोव्हज बऱ्याच कंपन्या बनवतात आणि मला जे सांगायचंय ते सगळ्यांनाच लागू आहे. तळव्याला सिंथेटिक लेदर, त्यात जेलची दोन पॅडं, वरून जाळीचं ताणणारं कापड, मनगटाला वेल्क्रो, आणि अंगठ्याच्या पाठीवर टॉवेलसारखा तुकडा, तो घाम पुसायला असतो पण खरं सांगायचं तर सगळे नाकच पुसतात.

आता मुद्द्याचं. जुलैमध्ये रविवारी सकाळी खडकवासल्याकडे चाललो होतो, रिमझिम चालू होती, मागून टेम्पोने हॉर्न दिला म्हणून मी जरा खाली साइडपट्टीवर उतरले आणि टेम्पो गेल्यावर परत वर घ्यायला गेले. डांबराची कड जेमतेम दोन बोटं उंच असेल, पण मी ती तिरकी घेतली, पुढचं चाक कडेला घासत गेलं आणि वर चढायच्या ऐवजी खालून निसटलं. स्पीड किती, तर १२ च्या आसपास असेल. कळायच्या आत दोन्ही हात पुढे आणि मी रस्त्यावर. पडताना हात पुढे येतातच, कितीही ठरवलं तरी, आणि म्हणूनच मला वाटतं की छोट्या पडण्यात सगळ्यात जास्त कामाला येणारी गोष्ट ग्लोव्हज आहे. हेल्मेट हवंच, त्यावर वादच नाही (माझ्या हेल्मेटवर EN 1078 चा, म्हणजे सायकल हेल्मेटच्या युरोपियन मानकाचा, स्टिकर आहे, आणि एकदा डोकं आपटलं की वरून ठीक दिसलं तरी ते फेकायचं, आतला थर्माकोल एकदाच दबतो), पण त्या दिवशी डोकं टेकलंसुद्धा नाही, तळवे मात्र हातभर घासत गेले.

उजव्या ग्लोव्हचं लेदर दोन ठिकाणी फाटलं, शिवण उसवली, आत खडी अडकली होती. तळव्याला फक्त लाली. त्याच वेळी डावं कोपर, ज्यावर काहीच नव्हतं, ते असं सोललं की आठ दिवस कुर्त्याची बाही चिकटत होती. एकाच बाईचे दोन अवयव, एकच रस्ता, यापेक्षा चांगली टेस्ट कुठली कंपनी करणार!

फुल फिंगर का, तर हँडल हातातून सुटलं नाही तर बोटं हँडल आणि रस्ता यांच्यामध्ये चेंगरतात, माझी दोन बोटं तशीच घासली आणि कापडावर निभावलं. हाफ फिंगरमध्ये तळवा वाचला असता पण बोटांची सालटं गेली असती. उन्हाळ्यात मात्र फुल फिंगर म्हणजे शिक्षा आहे, एप्रिलमध्ये मी चक्क घरी ठेवून जायचे.

जेलबद्दल दुकानात सांगतात की पडल्यावर वाचवतं, ते काही पटलं नाही. वाचवतं ते वरचं जाड लेदर. जेल असतं ते तळव्यातून करंगळीच्या बाजूने जाणाऱ्या नसेवर दाब येऊ नये म्हणून, लांबच्या राइडला करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतं ना, त्यासाठी. तेवढं काम ते छान करतं.

आणि ग्लोव्हजने हाड वाचत नाही हे पण लिहिते, कारण मला वाटलं होतं सगळं बरं झालं. संध्याकाळी उजवं मनगट दुखायला लागलं. डॉक्टरांनी अंगठा ताणल्यावर मनगटापाशी जो खड्डा दिसतो तिथे दाबून बघितलं, म्हणाले इथे दुखलं तर एक्स-रे क्लिअर असला तरी सोडून देऊ नका, तिथलं छोटं हाड मोडलेलं पहिल्या फोटोत कधीकधी दिसतच नाही, दहाबारा दिवसांनी परत काढावा लागतो. माझं नुसतंच मुरगळलं होतं, नशीब. कोपरासाठी सासूबाई हळदीचा डबा घेऊन उभ्या होत्या, त्यांना कसंबसं थांबवलं. नळाखाली भरपूर धुतलं, साबण लावला, बारीक खडी ओल्या गॉजने काढली (डोळ्यात पाणी आलं, पण ती आत राहिली की कायमचं गोंदण), आणि धनुर्वाताचं इंजेक्शन.

तक्रारी दोन. एक, वेल्क्रो वर्षभरातच ढिला पडला, धुताना बंद करून धुवायचा असतो हे मला उशिरा कळलं म्हणून अर्धी चूक माझी. दोन, ओले झाले की ब्रेकच्या लिव्हरवर जरा सटकतात, आणि ज्या दिवसांसाठी घेतले तेव्हाच हे व्हावं याचा राग येतो. वासाबद्दल बोलायलाच नको.

त्यानंतर अशी कड दिसली की एकतर खालीच राहते, थांबून उचलून घेते, किंवा चाक शक्य तितकं सरळ काटकोनात नेते. पावसात ३२ मिमी रुंद टायरला पूर्वी ८० पीएसआय हवा ठोकायचे ते आता ६० वर आणलंय, पकड लगेच जाणवते. ओल्या झेब्रा क्रॉसिंगवर आणि गटाराच्या लोखंडी झाकणावर ब्रेक आणि वळण दोन्ही बंद.

पाचपैकी चार. परत तेच घेतलेत, एक साइज लहान, कारण आधीचे तळव्यावर सरकायचे आणि सुरकुती पडून तिथेच घासायचे. दुकानात काळे संपले होते म्हणून पोपटी मिळाले, आता घरचे बॉक्सिंग नाही म्हणत, बागकाम म्हणतात.