सेस्ना 172 साठी पायाला लावायचा जॅक-क्लॅम्प : किनाऱ्यावर वापरणाऱ्यांसाठी

सेस्ना 172 या चार आसनी विमानाच्या एका मेन चाकाचा, म्हणजे पंखांखालच्या दोन मोठ्या चाकांपैकी एकाचा, टायर बदलायला दोन्ही पंखांखाली तिपाई जॅक लावून, शेपटीला वजन बांधून अख्खं विमान उचलायची गरज नसते. चाक ज्यावर बसतं त्या चपट्या स्प्रिंग-स्टीलच्या पायावर आवळायचा क्लॅम्प आणि त्याखाली दोन टनी ठेंगणा बॉटल जॅक, एवढ्यात काम होतं. ताकद पुरून उरते, कारण विमान पूर्ण भरलेलं असलं तरी एका मेन चाकावर साडेचारशे किलोच्या आसपास भार येतो. खरी परीक्षा जॅक सरळ उभा राहतो की नाही, याची.

जॅक तिरका होण्याचं कारण पायाच्या लवचीकपणात आहे. भार कमी होऊ लागला की बाहेर फाकलेला पाय आत येतो, चाक जमिनीवरून आतल्या बाजूला घसरतं आणि त्याबरोबर जॅकचा माथाही ओढला जातो. बूड जागच्या जागी आणि माथा आत, म्हणजे जॅक कलला. घाईत पंप मारत राहिलात तर तो निसटतो. यावर उपाय ठरलेला आहे: थोडं उचला, कलू लागताच उतरवा, जॅक पुन्हा उभा लावा आणि मग पूर्ण उचला. या क्लॅम्पची वाटी खोल आहे, त्यामुळे दुसऱ्या फेरीत जॅकचं डोकं नीट बसतं. स्वस्तातल्या क्लॅम्पना नुसती सपाट पट्टी असते, त्या घेऊ नका. ब्रेकच्या ओतीव भागाखाली जॅक लावायचा विचारही नको, आणि दोन क्लॅम्प लावून दोन्ही चाकं एकदम उचलायची नाहीत.

जबड्याच्या आतलं रबर मात्र निराश करतं. ते जाड आणि मऊ असल्याने भाराखाली सरकतं. ते काढून पातळ चामडं चिकटवलं की पकड सुधारते. उघडं लोखंड पायावर अजिबात नको. पायाच्या पृष्ठभागावर, विशेषतः खालच्या बाजूला, शॉट-पीनिंग (बारीक छऱ्यांचा मारा करून पृष्ठभाग घट्ट करणं) केलेलं असतं. तिथला ओरखडा खाऱ्या हवेत गंजतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. क्लॅम्प आवळण्याआधी पायाच्या कडेने गेलेली ब्रेकची नळी बोटाने चाचपून घ्या. ती जबड्यात सापडली तर टायरचं काम सोडून ब्रेकचं काम काढून बसावं लागेल.

दुसरी अडचण उंचीची. हवा जाऊन टायर पूर्ण बसला की आस अडीच-तीन इंच खाली येते आणि फुगलेल्या चाकाशी मापून आणलेला जॅक खाली शिरतच नाही. ट्यूब थोडा वेळ तरी हवा धरत असेल तर आधी ती भरून जॅक सरकवा. नाहीतर चाक जाड फळीवर ढकलून चढवा.

रत्नागिरीचा विमानतळ असो की सिंधुदुर्गातला चिपीचा, जॅक डांबरावर किंवा काँक्रीटवरच लावावा. पावसाळ्यानंतर जांभ्याच्या मातीत बूड रुततं. दुसरी जागाच नसेल तर खाली फूटभर चौरस, 18 मिलिमीटरचा प्लाय हवा. दुपारी समुद्राकडून वारा सुटायच्या आत काम उरकावं, कारण उचललेल्या बाजूचा पंख वारा धरतो. दुसऱ्या मेन चाकाला आणि पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी चॉक (अडसर) लावा. फ्युएल सिलेक्टर (कोणत्या टाकीतून इंधन घ्यायचं ते ठरवणारी कळ) 'बोथ'वरून 'लेफ्ट' किंवा 'राइट'वर घ्या, नाहीतर विमान कललं की पेट्रोल खालच्या टाकीत उतरतं. चाक जमिनीपासून बोटभर सुटलं की पुरे.

पुढचं काम ओळखीचं आहे. ब्रेकच्या मागच्या पट्टीचे बोल्ट, कॉटर पिन, नट, मग चाक बाहेर. चाकाचे दोन अर्धे जोडणारे बोल्ट सोडण्याआधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडा. दाबाखाली रिम उघडली तर जीव जाऊ शकतो. जोडताना ट्यूबला टाल्कम लावून किंचित फुगवा, टायरवरचा लाल ठिपका ट्यूबच्या खुणेशी जुळवा, एकदा भरून पूर्ण रिकामी करा आणि मग दाब द्या. तो मॉडेलप्रमाणे बदलतो: नंतरच्या, नळीच्या पायाच्या 172एन ला मेन चाकात 29, 172एस ला 42 पीएसआय. बोल्टचा टॉर्क चाकावरच्या पाटीवर पाहा आणि कॉटर पिन दर वेळी नवी घाला. नोंदीवर सही परवानाधारक इंजिनिअरचीच.

बॉटल जॅकबद्दलची तक्रार किनाऱ्यावरच्या कुणालाही ओळखीची वाटेल. भार उचलणारा दांडा (पिस्टन) वर ठेवून जॅक कोपऱ्यात टाकला की एका पावसाळ्यात गंजाचे ठिपके येतात, ते सील खरवडतात, आणि मग भाराखाली जॅक हळूहळू बसू लागतो. काम झालं की दांडा पूर्ण खाली, वर तेलाचा हात, आणि जॅक उभाच ठेवायचा. क्लॅम्पचे स्क्रूही साध्या लोखंडाचे आहेत, ते झिंक चढवलेले घ्या.

मागवण्याआधी विमानाचं साल तपासा. 1971 च्या 172एल पासून पाय नळीचा आहे, त्यावर हे चपटे जबडे गोल फिरतात. त्यासाठी नळीच्या मापाचा वेगळा क्लॅम्प लागतो.