काळी ग्राफाइट-पीटीएफई ग्लँड दोरी, नदीवरच्या पंपाला एक हंगाम वापरून

मी साखर कारखान्यात फिटर आहे आणि गावच्या पाणीपुरवठा संस्थेचे कृष्णेवरचे दोन पंपपण बघतो. ७५ एचपीचे, स्प्लिट केसिंग, म्हणजे कवच मधोमध दोन भागांत उघडणारे. ग्लँड दोरी म्हणजे पंपाचा फिरता शाफ्ट कवचातून बाहेर येतो तिथे पाणी अडवायला रिंगा करून भरतात ती विणलेली दोरी, आणि तिला बाहेरून दाबणारा, नटांनी आवळायचा भाग तो ग्लँड. या दोरीबद्दल मराठीत कुणी नीट लिहीत नाही, दुकानात गेलं की "साईज सांगा" एवढंच विचारतात, म्हणून हे लिहितोय. कंपनीचं नाव सांगत नाही कारण याच जातीची दोरी मी तीन वेगवेगळ्या कंपन्यांची वापरली आणि फरक नावात नव्हता, दोरीच्या आत काय होतं त्यात होता.

आधी आमच्याकडे सुती दोरी असायची, ग्रीस आणि ग्राफाइट चोळलेली. स्वस्त आणि लावायला सोपी, पण नदीच्या पाण्यात तिचं ग्रीस धुऊन जातं, मग नुसतं सूत उरतं, ते कडक होतं आणि ऑपरेटर बिचारा नट आवळत बसतो. तीन-चार आठवड्यांत परत दोरी. त्यातच एका रात्री नट इतके आवळले की थेंब पूर्ण बंद, सकाळी जाऊन बघतो तर स्लीव्ह (शाफ्टवर चढवलेली धातूची नळी) निळी पडलेली आणि नखाने घासलं तरी लागेल अशी खाच. पोरगा म्हणाला, "दादा, पाणी गळत होतं म्हणून आवळलं." त्याची काय चूक, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की ग्लँडमधून पाणी गळायलाच पाहिजे. ते थेंबच दोरीला थंड ठेवतात.

मग पांढरी पीटीएफईची, म्हणजे टेफ्लॉनची, दोरी आणली. केमिकलला ती राजा आहे, ॲसिड असो नाहीतर कॉस्टिक, पण आमच्या पंपावर ती जमली नाही. पीटीएफई उष्णता बाहेर टाकत नाही आणि गरम झालं की फुगतं, फुगलं की शाफ्ट आणखी घट्ट धरतं, त्याने आणखी गरम. १४५० आरपीएमला हे चक्र लवकर सुरू होतं. काळ्या दोरीत त्याच पीटीएफईमध्ये ग्राफाइट मुरवलेलं असतं, ते उष्णता शाफ्टपासून स्टफिंग बॉक्सच्या (दोरी भरायच्या पोकळीच्या) भिंतीकडे नेतं आणि घर्षणपण कमी करतं. शुद्ध ग्राफाइट-पीटीएफई धाग्याची दोरी साधारण २८० डिग्रीपर्यंत चालते, आम्हाला पाण्यासाठी तेवढं लागत नाही, पण कारखान्यात गरम रसाच्या पंपाला तीच लावतो, तिथे रस शंभर डिग्रीच्या वर असतो.

आता मुख्य गोष्ट. विकत घेताना दोरीचा एक तुकडा कापून मधला भाग बघा, खरंच बघा. चांगल्या दोरीत एकेक धागा आधी वंगणात भिजवून मग विणलेला असतो, त्यामुळे कापलेलं तोंड मधोमध पण काळं आणि तुळतुळीत दिसतं, बोटाला गुळगुळीत लागतं. मला एका दुकानदाराने पहिल्यांदा दिली ती बाहेरून चकाचक काळी आणि कापल्यावर आत कोरडी पांढरट, म्हणजे विणून झाल्यावर नुसती बुडवून काढलेली. ती नऊ दिवसांत सुकून झिजली, परत न्यायला गेलो तर कापलेला माल परत घेत नाही म्हणाला. त्यानंतर मी दुकानातच ब्लेड मागतो. वीणपण बघायची, चांगल्या दोरीत धागे आतून तिरके आरपार गेलेले असतात, त्यामुळे बाहेरचा धागा झिजला तरी दोरी उसवत नाही.

आमच्या पंपाची स्लीव्ह ६० एमएम, स्टफिंग बॉक्सचं भोक ८४ एमएम, फरक २४, त्याच्या निम्मं म्हणजे १२ एमएमची दोरी. दोन ग्लँड, प्रत्येकी पाच रिंगा, सव्वादोन मीटर लागली, वजनाला अर्ध्या किलोच्या आसपास. सुतीपेक्षा बरीच महाग, हे खरं. पण डिसेंबरात लावलेली दोरी मेपर्यंत चालली, मध्ये नुसते नट थोडे-थोडे घेतले, आणि पाणी थांबलं की शेतकरी फोनवर काय बोलतात ते ऐकावं लागलं नाही, याची किंमत कशात मोजणार?

लावायची पद्धत चुकली तर ही दोरीपण वाया जाते म्हणून सांगतो. जुनी दोरी शेवटच्या रिंगेपर्यंत काढायची, वळवलेल्या वेल्डिंग रॉडने खरवडायची नाही, स्लीव्हवर ओरखडे येतात, स्क्रूवाला हुक मिळतो तो घ्या. पंप फार जुना असेल तर जुनी दोरी ॲसबेस्टॉसची असू शकते, ती कोरडी उपसू नका, आधी पाण्याने भिजवा आणि तोंडाला मास्क लावा, ती धूळ फुफ्फुसात जाते. मग स्लीव्हच्याच मापाचा पाईप घेऊन त्यावर दोरी गुंडाळायची आणि धारदार ब्लेडने रिंगा कापायच्या, लांबी अंदाजाने घेऊ नका. जाडी किंचित जास्त वाटली तर हातोडीने ठोकायचं नाही, वीण मोडते, स्वच्छ फळीवर ठेवून पाईप लाटण्यासारखा फिरवायचा. एकेक रिंग आत बसवून बुशने (शाफ्टवर बसणाऱ्या नळीच्या तुकड्याने) दाबायची, मग पुढची, आणि प्रत्येक सांधा मागच्यापासून पाव वळसा फिरवून. सगळ्या रिंगा एकदम कोंबून ग्लँडने दाबल्या तर बाहेरच्या दोनच आवळल्या जातात, आतल्या तशाच सैल.

लँटर्न रिंग म्हणजे दोरीच्या रिंगांमध्ये बसणारी, भोकं असलेली कडी, बारीक पाईपने आलेलं सीलचं पाणी ती शाफ्टभोवती पोचवते. तिच्याकडे आमच्याकडे सगळे दुर्लक्ष करतात. नदीवरचा पंप पाणी खालून ओढतो, त्यामुळे या पंपाच्या दोन्ही ग्लँडच्या आतल्या बाजूला दाब हवेपेक्षा कमी असतो, तिथे सीलचं पाणी पोचलं नाही तर ग्लँडमधून हवा आत जाते आणि पंप पाणी ओढायचं थांबतो. आपण फूट व्हॉल्व्ह (पाणी ओढणाऱ्या पाईपच्या तळाची झडप) तपासत बसतो आणि दोष ग्लँडमध्ये असतो! लँटर्न रिंग त्या बारीक पाईपच्या भोकासमोर आली पाहिजे, बसवताना जराशी बाहेरच्या बाजूला ठेवायची, कारण दोरी दबली की ती आत सरकते.

नट आधी नुसते हाताने. पंप चालू करून अर्धा तास भरपूर पाणी गळू द्या, मग दोन्ही नट सारखेच, एका वेळी नटाच्या सहा बाजूंपैकी एक, म्हणजे एक षष्ठांश वळसा, मध्ये दहा मिनिटं थांबून, असं करत मिनिटाला ४०-५० थेंबांवर आणा. मी ग्लँडच्या कडेला हात लावून बघतो, कोमट ठीक, चटका बसत असेल तर लगेच नट सैल करायचा.

तक्रार एकच. पहिल्या पावसानंतर पाणी गढूळ झालं की बारीक वाळू सीलच्या पाईपातून थेट दोरीत येते, ही दोरी मऊ असल्यामुळे वाळू तिच्यात रुतते आणि स्लीव्ह घासते. जून महिन्यात आम्हाला दोन रिंगा बदलाव्या लागल्या. अशा ठिकाणी कोपऱ्यांना पिवळा ॲरामिड (केव्हलारच्या जातीचा चिवट) धागा असलेली दोरी मिळते, कारखान्यात चुन्याच्या पाण्याच्या पंपाला आम्ही तीच लावतो आणि छान टिकते, पण तिथे स्लीव्ह कडक केलेली आहे. साध्या मऊ स्लीव्हवर ॲरामिड लावलं तर दोरी राहील आणि स्लीव्ह जाईल. त्यापेक्षा सीलच्या पाईपाला स्वच्छ पाण्याच्या टाकीचं कनेक्शन द्यायचं ठरवलंय.

आणि हीच दोरी उरली म्हणून वाफेच्या व्हॉल्व्हला घालू नका, कारखान्यात एकाने घातली होती. तिथे स्पिंडल क्वचित फिरतो, थेंब तर एकही नको असतो, आणि उष्णतेने वंगण उडून गेलं की दोरीचा आकार कमी होतो आणि ग्लँड सैल पडते. त्याला साच्यात दाबून केलेल्या ग्राफाइट रिंगा वेगळ्या येतात, त्याच घ्या.

पाण्याच्या पंपाला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा वाळूसाठी कापला. उरलेली दोरी पंपघराच्या फरशीवर टाकू नका, तिच्या वंगणाला वाळू चिकटते आणि पुढच्या वेळी तीच स्लीव्हला लागते, आम्ही प्लास्टिकमध्ये गुंडाळून खिळ्याला टांगून ठेवतो.